सहावा रकाना

पहिले पाच रकाने सोपे होते.
नाव: मटनबर्ड. लांबी: सव्वीस फूट.
लाकूड: ह्युऑन पाइन.
बांधणारा: क्लॅरी बेस्विक, सिग्नेट, एकोणीसशे सदतीस.
मालक: मी. बँकेचं त्यांनी विचारलं नव्हतं.

सहाव्यात होतं,
मूळ किती शिल्लक आहे? टक्क्यांत लिहा.

रात्री शेडमध्ये टॉर्च घेऊन मोजत बसले.
डेक आधीच्या दंतवैद्याने घातलेला,
तोही चुकीच्या स्क्रूंनी.
डोलकाठी माझी, म्हणजे मी विकत घेतलेली,
म्हणजे अजून घेतेच आहे, हप्त्याहप्त्याने.
उजव्या अंगाच्या चार बरगड्या
टेव्हिसने वाकवल्या, किटलीच्या वाफेवर.
पाचवी मोडली तेव्हा तो जे बोलला
ते कुठल्याच रकान्यात बसत नाही.

लिहिलं: साठ.
खोडलं. पंचावन्न.
प्रामाणिकपणाचं वार्निशसारखंच आहे,
हात बेताने दिला तर लाकूड दिसतं,
जास्त दिला की स्वतःचं तोंड.

निघायच्या दोन दिवस आधी तिला पाण्यात सोडली.
सगळा हिवाळा कोरड्यात काढलेली, फळ्या आकसलेल्या.
पाणी आत आलं ते घरच्यासारखं,
न विचारता.
धक्क्यावरून एक पोरगा ओरडला, बुडतेय!
नाही रे, पितेय.
तिची तहान भागेपर्यंत
पंपाजवळ बसून राहायचं असतं फक्त,
इलाज असा काही नसतो.
दुसऱ्या पहाटे चारला पंप थांबला.
त्या शांततेत मी उभ्याउभ्या अर्धा पाव संपवला.

होबार्टला जागा मिळाली
एका तीन डोलकाठ्यांच्या जहाजाच्या सावलीत,
सॉसेजच्या स्टॉलसमोर.
चार दिवस पितळ पुसायचं,
तळलेल्या कांद्याचा धूर झेलायचा आणि ऐकायचं.
नावेला नावं ठेवायला माणसं लांबून येतात:
हा निळा मूळचा नाही.
दोर नायलॉनचे का?
आमच्या काकांची अशीच होती, हिच्याहून बरी.
माझी उत्तरं ठरलेली. हो. परवडतात म्हणून. असेल.

परीक्षक आले. फळीवर बोटाची पेरं टकटकवली,
छातीचे डॉक्टर पाठीवर करतात तशी, कान देऊन.
पंचावन्न?
पंचावन्न.
त्यांनी काहीतरी लिहिलं. अक्षर तिरकं होतं.

तिसऱ्या दुपारी एक बाई आल्या, ऐंशीच्या पुढच्या,
कुणी न सांगता चपला काढून हातात घेतलेल्या.
पितळेकडे बघितलंही नाही.
पुढचा बाक अजून आखूडच आहे?

आखूडच, मी म्हटलं. पाय दुमडून झोपावं लागतं.

बाबा पाच फूट दोन इंच होते, त्या म्हणाल्या,
जगानेही तेवढंच असावं असं त्यांचं म्हणणं.

मग वाकून आत गेल्या.
बाकाखाली, जिथे रंग कधी पोचलाच नाही,
तिथे नाक टेकवलं लाकडाला.
मध आणि औषधाच्या मधला तो वास,
ऐंशी-नव्वद वर्षं जो कुठे गेला नाही.
मी बाहेर उभी. काय बोलावं कळेना,
सॉसेजच्या रांगेतली माणसं मोजली. चौदा.
डोकावले तेव्हा
त्या बाकावर आडव्या झाल्या होत्या,
पाय सरळ, टाचा लाकडाला लागलेल्या,
एक इंच इकडे नाही, तिकडे नाही.

बक्षीस एका होडीला मिळालं, तिचं डेक खरंच सुंदर होतं.
आम्हाला वार्निशचा छोटा डबा, सगळ्यांना देतात तो.

परतताना चॅनेलमध्ये दक्षिणेचा वारा अंगावर घेत आलो,
ब्रुनीचा किनारा डावीकडे, तळ कोरडा ठणठणीत.
या हिवाळ्यात बाक फूटभर वाढवायचा बेत होता.
टेव्हिसने फळी कापूनही ठेवली आहे, रंधा मारून,
तिच्यावर पेन्सिलने लिहिलंय, पायांसाठी.

बघू.
कपांना एक फडताळ हवंच आहे.